ठाणे-नवी मुंबई : वीज व गॅस वितरण

ठाणे शहर, कळवा-मुंब्रा आणि खाडीपलीकडची नवी मुंबई या पट्ट्यातील वीज व पाइप गॅसच्या पुरवठ्याची व्यवस्था. या भागाच्या आसपासची पहिली मोठी वीजकेंद्रे घरगुती दिव्यांचा विचार करून बांधलेली नव्हती. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र (1915) मुंबईच्या गिरण्यांसाठी, तर ठाकुर्लीचे चोळा पॉवर हाउस (1929) जीआयपी रेल्वेच्या (आजची मध्य रेल्वे) विजेवरील गाड्यांसाठी उभे राहिले. घरोघरी वीज देण्याचे काम परवानाधारक खासगी कंपन्यांचे असे. ठाण्यात ‘ठाणा इलेक्ट्रिसिटी सप्लाय’ ही तशी कंपनी होती. 1960 मध्ये राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि पुढे ठाण्याचे वितरण त्याच्याकडे गेले. मंडळाच्या 2005 मधील विभाजनानंतर ते महावितरण या सरकारी वितरण कंपनीकडे आहे.

सिडको (स्थापना 1970) वसवत असलेल्या नवी मुंबईला हा खासगी टप्पा लागलाच नाही. महावितरणच्या कारभारात दोन्ही शहरे भांडुप परिमंडळात येतात. मुंबई महापालिकेच्या हद्दीतले मुलुंड-भांडुपही तिथेच, म्हणजे वीज वितरणाची सीमा पालिकेच्या सीमेशी जुळत नाही. मुंब्रा-कळवा-शीळ भागात मार्च 2020 पासून टोरंट पॉवर ही फ्रँचायझी आहे. तारा आणि रोहित्रांची (ट्रान्सफॉर्मरची) मालकी महावितरणचीच. बिल, वसुली व दुरुस्ती फ्रँचायझीकडे.

उपकेंद्रातून 22 हजार व्होल्टचे फीडर, म्हणजे मुख्य वाहिन्या, निघतात. रोहित्रावर विजेचा दाब उतरून तीन फेज (वीज आणणाऱ्या तारा) व न्यूट्रल (परतीची तार) अशा चार तारा फीडर पिलर या रस्त्याकडेच्या पेटीमार्गे इमारतीत येतात. फेज आणि न्यूट्रलमध्ये सुमारे 230 व्होल्ट असतात, दोन फेजांमध्ये सुमारे 400. न्यूट्रल तुटला की हे 400 व्होल्ट वेगवेगळ्या फेजवरील घरांत भाराप्रमाणे वाटले जातात. ज्या फेजवर भार कमी, तिथे दाब चढतो. एका घरात दिवे मंदावतात आणि शेजारी फ्रिजचा बोर्ड जळतो, ते यामुळे. अशा वेळी आधी मेन स्विच बंद करायचा, तक्रार नंतर. भूमिगत केबलचा कच्चा दुवा म्हणजे जॉइंट. खोदकामात जेसीबीचा धक्का लागून आवरण चिरते, पावसात पाणी शिरते, आणि केबल कधी कधी काही महिन्यांनी जाते. मोठा बिघाड वरच्या पातळीवरूनही येतो: 12 ऑक्टोबर 2020 ला कळवा-पडघे 400 केव्ही (4 लाख व्होल्ट) वाहिन्यांपैकी एक दुरुस्तीसाठी बंद असताना दुसरी ट्रिप झाली (आपोआप बंद पडली), आणि मुंबईसह ठाणे, नवी मुंबईचा पुरवठा कोलमडला.

पाइप गॅस बराच उशिराचा. महानगर गॅस कंपनी 1995 मध्ये स्थापन झाली. तिच्या सिटी गेट स्टेशनांपैकी एक महापे येथे आहे. तिथे गॅसचा दाब उतरवतात आणि गळती कळावी म्हणून उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळतात. पुढे पोलादी नळ, मग सुमारे 4 बार दाबाचे प्लॅस्टिकचे भूमिगत नळ, आणि इमारतीच्या भिंतीवर जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप. शेगडीपाशी दाब जेमतेम 21 मिलिबार उरतो. सिलिंडरचा गॅस 30 मिलिबारला जळतो आणि त्यात उष्णताही जास्त असते. त्यामुळे सिलिंडरवरून पाइप गॅसवर जाताना शेगडीचे जेट, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक तोट्या, मोठ्या छिद्राचे बसवावे लागतात. जुनेच ठेवले तर ज्योत बारीक राहते. उलट पाइप गॅसचे जेट सिलिंडरला लावले तर ज्योत पिवळी होऊन भांडी काळी पडतात. गळती झाल्यास पाइप गॅस हवेपेक्षा हलका असल्याने छताकडे चढतो, सिलिंडरचा जमिनीलगत साचतो. दोन्हींत कॉक बंद करून खिडक्या उघडाव्यात. विजेचे एकही बटण चालू वा बंद करू नये. खाडीच्या खारट हवेत जीआय पाइप क्लॅम्पपाशी आधी गंजतो, तेव्हा इमारतीला रंग देताना ती जागा तपासून घ्यावी.