विदर्भातल्या गावांत तबल्याची परीक्षा कशी पोहोचली

यवतमाळ, अमरावतीकडच्या एखाद्या गावातला मुलगा आज तबल्यात विशारद होतो, तेव्हा श्रेय क्लासला मिळतं. हात मात्र बहुधा त्याआधीच देवळात तयार झालेला असतो.

यामागं मोठा वाटा राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा. १९०९ साली यावलीत जन्मलेल्या महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज उभारलं आणि खंजिरीवरच्या भजनांनी वऱ्हाड जागवला. गावोगाव गुरुदेव सेवा मंडळं झाली. भजन म्हटलं की पेटी आली, तबला आला, खंजिरी तर होतीच. केरवा, दादरा, भजनी ठेका पोरं मोठ्यांच्या मागं बसून उचलत. कोणी बोल, म्हणजे ‘धा’, ‘धिं’सारखी तबल्याची अक्षरं, लिहून दिले नाहीत. पुढं सत्यपाल महाराजांनी एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवून प्रबोधन केलं, तेही याच मातीतलं.

परीक्षेची वाट वेगळ्या दिशेनं आली. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यामुळं घराण्याबाहेरच्या माणसालाही वर्गात बसून, लिपी वाचून संगीत शिकता येऊ लागलं. १९३१ मध्ये त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापलं. प्रारंभिक, दोन प्रवेशिका, दोन मध्यमा, दोन विशारद अशा सात पायऱ्या, आणि वर अलंकार. परीक्षा केंद्रं जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांपर्यंत आली, म्हणून शेतकऱ्याच्या पोराला पुण्या-मुंबईला राहण्याची गरज उरली नाही.

पूर्वेकडच्या जिल्ह्यांना आणखी एक दार होतं. खैरागडच्या राजघराण्यानं आपला राजवाडा दिला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तिथं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झालं. त्या दिवशी विदर्भ मध्य प्रदेशातच होता! अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्यांची पुनर्रचना झाली आणि हे विद्यापीठ आपल्यासाठी परराज्यातलं झालं. आता ते छत्तीसगडमध्ये आहे. तरी गोंदियाहून हावडा मार्गावर डोंगरगड किंवा राजनांदगावला उतरून पुढं रस्त्यानं जाणं नागपूर-पुणे प्रवासापेक्षा सोपंच.

भजनातून आलेल्या मुलाची पंचाईत कुठं होते? ठेक्यात नाही. कायदा (ठरलेल्या बोलांची रचना), त्याचे पलटे (त्याच बोलांचे फेरबदल), रेला (जलद बोलांची सलग ओघवती रचना) हे शिस्तीनं वाढवताना, आणि तालातल्या टाळी-खालीच्या (टाळीच्या आणि रिकाम्या) जागा हातानं दाखवत बोल तोंडानं म्हणताना. भजनात गायकाच्या मागं चालायचं असतं, परीक्षेत तबलाच पुढं. शिवाय शास्त्राचा पेपर: पलुसकर आणि भातखंडे यांच्या ताल लिहिण्याच्या दोन्ही पद्धती, दिल्ली-अजराडा-बनारस घराणी. ज्याचा झपताल (दहा मात्रांचा ताल) आधीच पक्का आहे, त्याला तो लिहिताना घाम फुटतो.

आणि खंजिरी, ढोलकी? दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांत हयात घालवलेल्या ढोलकीवाल्याला या पायऱ्यांवर जागा मिळाली नाही, ही मला या साऱ्या व्यवस्थेतली खरी उणीव वाटते. दहावीला कलेचे वाढीव गुण मिळू लागल्यावर क्लासची गर्दी वाढली, तीही मुख्यतः तबल्याकडं.

झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यात, तर वेळापत्रकच आडवं येतं. नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर उभा राहतो, वडसा गावच्या नाटक मंडळ्या रात्र-रात्र प्रयोग करतात, आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाचं एक परीक्षासत्र नेमकं नोव्हेंबर-डिसेंबरात. तिकडं वाजवणाऱ्यानं परीक्षा द्यायची तर एप्रिल-मेचंच सत्र धरावं.