एकाच क्लबचा गोलरक्षक

फुटबॉलमध्ये आपली सगळी, किंवा नाव घेण्याजोगी सगळी, कारकीर्द एकाच क्लबचा गोल राखण्यात घालवणारा खेळाडू. पुण्याच्या मैदानांवर त्याला गोलरक्षक कुणी म्हणत नाही, सगळे ‘कीपर’च म्हणतात. ‘तो त्यांचाच कीपर’ एवढं म्हटलं की हा माणूस वर्षानुवर्षं तिथेच उभा आहे, हे ऐकणाऱ्याला कळतं.

काटेकोर अर्थाने पाहिलं तर ज्याने व्यावसायिक पातळीवर दुसऱ्या क्लबचा सदरा कधी घातलाच नाही, तोच यात बसतो. लेव्ह याशिन (डायनॅमो मॉस्को) आणि सेप मायर (बायर्न म्युनिक) ही त्यातली ठळक नावं. स्पेनचा इकेर कासियास वयाच्या नवव्या वर्षी रेआल माद्रिदमध्ये आला आणि त्या क्लबसाठी ७२५ सामने खेळला, पण २०१५ मध्ये पोर्तोला गेला. काटेकोर यादीतून तो गळतो. तरी त्याचा विचार या नोंदीबाहेर ठेवणं योग्य वाटत नाही, कारण पंचवीस वर्षांचं नातं शेवटच्या काही हंगामांनी पुसलं जात नाही.

गोलची चौकट ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असते आणि ती राखायला संघात जागा एकच. बचावपटू मधल्या फळीत जाऊ शकतो, आघाडीचा खेळाडू बाजूला सरकू शकतो. कीपरला सरकायला दुसरी जागा नाही. त्यामुळे एकदा ती जागा मिळाली आणि हात-पाय धड राहिले, की ती दहा-पंधरा वर्षं टिकू शकते. पळापळ कमी असल्याने शरीर उशिरा थकतं, आणि अंदाज मात्र वयाबरोबर धारदार होत जातो. ताशी १०० किलोमीटर वेगाने मारलेली पेनल्टी ११ मीटरचं अंतर सुमारे ०.४ सेकंदात कापते. तेवढ्या वेळात चेंडू बघून झेपावणं जवळपास अशक्य. मारणाऱ्याचा खांदा, टेकवलेला पाय, धावण्याची तिरपी वाट हे आधीच वाचावं लागतं, आणि ते वाचन शेकडो सामन्यांनंतर येतं. इटलीच्या दिनो झॉफने १९८२ चा विश्वचषक कर्णधार म्हणून उचलला तेव्हा तो ४० वर्षांचा होता.

जागा एकच असल्याची दुसरी बाजू म्हणजे वाट पाहणं. मोठ्या कारकिर्दींच्या कहाण्या सांगताना हा भाग बहुतेकदा गाळला जातो, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. याशिन युद्धाच्या काळात पोरवयात कारखान्यात काम करत होता. डायनॅमोत आल्यावर १९५० मध्ये एका मैत्रीपूर्ण सामन्यात समोरच्या कीपरने लांब मारलेला चेंडू थेट त्याच्या गोलमध्ये गेला. क्लबचा पहिला कीपर तेव्हा अलेक्सेई खोमिच होता. मधल्या काळात याशिन डायनॅमोच्याच आइस हॉकी संघाचा गोल राखत राहिला आणि १९५३ मध्ये त्या खेळातला सोव्हिएत चषकही जिंकला. मग फुटबॉलचा गोल त्याच्याकडे आला आणि १९७० पर्यंत राहिला. त्या काळात डायनॅमोने पाच लीग विजेतेपदं मिळवली. १९६३ मध्ये त्याला युरोपातल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूचा ‘बॅलन डी’ऑर’ मिळाला. हा सन्मान मिळवणारा तो आजवरचा एकमेव गोलरक्षक आहे.

भारतीय वाचकाला याशिनचा एक धागा जवळचा वाटेल. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत उपान्त्य फेरीत पोहोचला आणि युगोस्लाव्हियाकडून ४-१ असा हरला. अंतिम सामन्यात त्याच युगोस्लाव्हियाला सोव्हिएत संघाने १-० असं हरवलं. गोलमध्ये याशिन होता.

ब्राझीलचा रोजेरियो सेनी १९९० मध्ये साओ पावलो क्लबमध्ये आला तेव्हा १७ वर्षांचा होता. पहिल्या पसंतीचा कीपर होता झेट्टी. सेनीला ती जागा कायमची मिळायला १९९७ उजाडलं, म्हणजे सात वर्षं गेली. त्यानंतर तो २०१५ पर्यंत हलला नाही. क्लबसाठी १,२०० हून अधिक सामने, आणि फ्री किक व पेनल्टीवर शंभराहून अधिक गोल. शंभरावा गोल २७ मार्च २०११ रोजी कोरिंथियन्सविरुद्ध, फ्री किकवर झाला.

मायरची गोष्ट वेगळी. १९६६ पासून १९७९ पर्यंत तो जर्मन लीगमध्ये सलग ४४२ सामने खेळला, एकही चुकवला नाही. सर्दीताप, मुरगळलेली बोटं, खराब दिवस हे सगळं या आकड्यात आलं. १९७४, १९७५ आणि १९७६ असे ओळीने तीन युरोपियन चषक बायर्नने जिंकले ते त्याच्याच भरवशावर. १९७९ च्या उन्हाळ्यात मोटारीच्या अपघाताने सगळं थांबलं. पुढे तो बायर्नचाच कीपर-प्रशिक्षक झाला आणि ऑलिव्हर कानला त्याने घडवलं. मे २००८ मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागानविरुद्ध कान बायर्नच्या सदऱ्यात खेळला, तेव्हा निरोपाचा तो सामना बघायला लाखभर माणूस जमला होता.

इंग्लंडच्या सॅम बार्ट्रमचं नाव धुक्यामुळे राहिलं. १९३४ ते १९५६ तो लंडनच्या चार्लटन क्लबचा कीपर होता. २५ डिसेंबर १९३७ रोजी चेल्सीच्या मैदानावर धुकं इतकं दाटलं की सामना थांबवला गेला आणि खेळाडू आत निघून गेले. बार्ट्रमला ते कळलंच नाही. आपला संघ पुढे चढाई करतोय असं समजून तो गोलपुढे पहारा देत राहिला, आणि अखेर एका पोलिसाने येऊन त्याला सांगितलं. कीपरचं एकटेपण याहून नेमकं सांगणारा प्रसंग नाही.

भारतात असा कीपर मिळणं अवघड, कारण खेळाडू हंगामागणिक क्लब बदलत आले. पीटर थंगराज लष्कराच्या संघातून पुढे येऊन कोलकात्याच्या तिन्ही मोठ्या क्लबांकडून खेळला. गोव्याच्या ब्रह्मानंद संखवाळकरांचं नाव मात्र साळगावकर क्लबला चिकटून राहिलं. भारताचं कर्णधारपद, १९९७ चा अर्जुन पुरस्कार, २०२२ ची पद्मश्री, एवढं सगळं होऊनही गोव्यात जुने लोक आधी साळगावकरचीच आठवण काढतात.

पुण्यात

पुणे एफसी २००७ मध्ये उभा राहिला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, उपविजेता ठरला आणि २०१५ मध्ये त्याचा वरिष्ठ संघ बंद झाला. एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९, पाच हंगाम. भारत एफसी एकच हंगाम. शिवाजियन्स हे जुनं नाव आय-लीगमध्ये दोन हंगाम दिसलं. आता हे आकडे सेनीच्या सात वर्षांशेजारी ठेवून पाहा. पुण्याच्या बाकावर तेवढी वाट पाहिली असती, तर यातल्या बहुतेक क्लबांत पाळी येण्याआधीच क्लब संपला असता. कमतरता कीपरांची नव्हती. २०११ च्या आशियाई चषकात दोहामध्ये दक्षिण कोरियाचे फटके अडवून ‘स्पायडरमॅन’ म्हणून गाजलेला सुब्रत पाल त्या वेळी पुणे एफसीचा होता. अमरिंदर सिंग कोवळ्या वयात याच क्लबमध्ये होता. पुढे मुंबई सिटीचा कर्णधार म्हणून त्याने २०२०-२१ ची इंडियन सुपर लीग जिंकली. २०१७-१८ मध्ये पुणे सिटी उपान्त्य फेरीत पोहोचली तेव्हा संघात विशाल कैथ होता. तिघांचीही मोठी नाती दुसऱ्या शहरांशी जुळली. बालेवाडीच्या स्टेडियममध्ये मैदानाभोवती धावपट्टी असल्याने प्रेक्षक गोलपासून लांब बसतो. तरीही नियमित येणाऱ्यांना कीपर पाठमोरा ओळखता यायचा, हे तिथे बसलेला कुणीही सांगेल. ती ओळख पिकायला वेळ मिळाला नाही, याचं वाईट वाटतं.

एकाच क्लबचा कीपर पुण्यात टिकला तो खालच्या पातळीवर: पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेच्या लीगमध्ये, कॅम्प-खडकी-घोरपडीच्या संघांत आणि नोकरीशी बांधलेल्या खात्यांच्या संघांत. इथे पैसा नाही, त्यामुळे सोडून जायचं कारणही नाही. मैदान मुरमाचं असेल तर झेप घेतल्यावर खुबा आणि कोपर सोलवटतात, म्हणून असा कीपर भर उन्हातही लांब बाह्यांचा सदरा आणि आतून जाड पॅन्ट घालतो. ग्लोव्हजचे तळवे सामन्याआधी ओले करतो आणि सरावाला जुनीच जोडी काढतो, कारण मुरूम नवा तळवा महिन्याभरात खातो. फक्कीची रेष पावसात वाहून जाते, म्हणून सामना सुरू होण्याआधी तो गोलच्या बरोबर मध्यापासून पेनल्टीच्या खुणेकडे टाचेने एक चर ओढतो. पुढे येऊन मागे सरकताना आपण दोन खांबांच्या मधोमध आहोत की नाही, हे त्याला त्या चरावरून कळतं. मैदान त्याला पाठ असतं: कोणत्या गोलसमोर चेंडू अवचित उसळतो, चारनंतर ऊन कुठल्या बाजूने डोळ्यांवर येतं, पावसाळ्यात गोलच्या तोंडाशी पाणी कुठे साचतं.

आणि त्याचा आवाज. कॉर्नरवर चेंडू हवेत असताना ‘माझा!’ अशी एकच हाक येते आणि बचावपटू मागे न बघता बाजूला होतात. नव्या कीपरच्या हाकेला ते आधी वळून बघतात, आणि तेवढ्या वेळात समोरच्याचं डोकं चेंडूला लागलेलं असतं. म्हणून जुना कीपर खेळणं सोडल्यावर मुलांना शिकवायला उभा राहतो, तेव्हा झेप घेणं नंतर येतं. पहिले काही दिवस तो त्यांना नुसतं मोठ्याने ओरडायला लावतो.