नागपूरच्या पोरी आयटीत कशा पोचल्या: मिहानच्या आधीची गोष्ट

मिहान म्हणजे नागपूर विमानतळाजवळचा, आयटी कंपन्याही असलेला मोठा औद्योगिक प्रकल्प. तिथल्या कंपन्यांत पोरी किती, त्यातल्या टीम लीड किती, लग्नानंतर टिकतात किती, यावर सध्या बरंच बोललं जातं. आणि बोलणं असं चालतं की जणू हे सगळं मिहान आल्यावरच सुरू झालं. तसं नाहीये. कॉम्प्युटर शिकलेल्या बायकांची मोठी पिढी नागपुरात त्याच्या कितीतरी आधी तयार होती, फक्त ती कंपनीत नव्हती, इंजिनिअरिंग कॉलेजच्या स्टाफरूममध्ये होती. ती तिथेच का राहिली ते पाहिलं की आजच्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

शिक्षणाची सोय इथे जुनीच. मुलींचं एलएडी कॉलेज १९३२ चं, केमिकल टेक्नॉलॉजीचं एलआयटी १९४२ चं, आणि आज ज्याला आपण व्हीएनआयटी म्हणतो ते व्हीआरसीई हे इंजिनिअरिंग कॉलेज १९६० चं. पण त्या काळात इंजिनिअरिंगला मुलगी म्हणजे वर्गात एखाद-दुसरी. देशातच चित्र तसं होतं, १९७४ मध्ये टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) नोकरीच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नये असं सरळ छापलेलं होतं आणि सुधा मूर्तींनी जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं तो किस्सा आता सगळ्यांना पाठ आहे. नागपूरपुरतं म्हणाल तर खरा फरक पडला तो १९८३ मध्ये, मुंबईत झालेल्या एका निर्णयाने.

वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्यावर टीका भरपूर झाली, देणग्या, शिक्षणाचा बाजार वगैरे, आणि ती टीका खोटी नव्हती. पण १९८४ मध्ये वानाडोंगरीला वायसीसीई आणि काटोल रोडला रामदेवबाबा ही इंजिनिअरिंग कॉलेजं सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत शहराबाहेर हिंगणा रोडला कॉलेजांची रांग लागली, तेव्हा घराघरात एक साधा हिशेब बदलला. पोरगी सकाळी कॉलेजच्या बसमध्ये बसेल, संध्याकाळी घरी येईल, हॉस्टेलचा प्रश्न नाही. ज्या वडिलांनी मुंबई-पुण्याला पाठवायला नकार दिला असता त्यांनी हिंगण्याला हाव म्हटलं. पुढे प्रवेशात मुलींसाठी ३० टक्के जागा आल्या, त्याचाही फायदा झालाच.

आणि ब्रँच कोणती, तर कॉम्प्युटर. नागपूर विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सच्या जोडीला कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी नावाची वेगळी ब्रँच होती, तिला सगळे सीटीच म्हणायचे, त्यात मुली भराभर आल्या. कारण ऐकायला मजेशीर आहे पण घरोघरी तेच होतं: मेकॅनिकलला गेली तर कारखान्यात उभी राहील, सिव्हिलला गेली तर साइटवर उन्हात फिरेल, कॉम्प्युटर म्हणजे कसं, एसीत खुर्चीवर बसून काम. म्हणजे ज्या विचाराने पोरींना बाकीच्या ब्रँचपासून लांब ठेवलं त्याच विचाराने त्यांना कॉम्प्युटरमध्ये ढकललं. गंमत अशी की अमेरिकेत याच सुमारास उलटं घडत होतं, तिथे कॉम्प्युटरची पदवी घेणाऱ्यांत मुलींचं प्रमाण १९८० च्या दशकाच्या मध्याला ३७ टक्क्यांच्या आसपास जाऊन पुढे घसरत २० टक्क्यांच्याही खाली आलं. तिकडे कॉम्प्युटर हे पोरांचं खेळणं झालं, इकडे मुलींसाठी सेफ लाइन.

आता डिग्री झाली. पुढे काय? नव्वदच्या दशकात नागपुरात कारखाने होते, हिंगणा एमआयडीसी, बुटीबोरी, पण सॉफ्टवेअरची नोकरी म्हणजे पुणे. आणि नागपूरहून पुणे म्हणजे सातशे किलोमीटर, महाराष्ट्र एक्स्प्रेस नाहीतर रात्रभराची ट्रॅव्हल्स. पोरं सीडॅकचा कॉम्प्युटर कोर्स करायला म्हणून पुण्याला जायची आणि तिथेच राहायची. पोरींपैकी थोड्या गेल्या, बाकीच्यांना घरी सांगितलं गेलं की इथेच बघ काहीतरी. आणि इथे जे होतं ते म्हणजे तीच नवी कॉलेजं, ज्यांना शिकवायला माणसं हवीच होती. फर्स्ट क्लास बीई असलं की लेक्चरर होता यायचं. दहा ते पाचची वेळ, दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, येण्याजाण्याला बस. शेजारच्या काकूंनी "पोरगी काय करून राहिली सध्या?" विचारलं तर "कॉलेजात शिकवते" हे उत्तर कोणालाही चालायचं.

मला वाटतं नागपूरच्या आयटीची खरी पायाभरणी या मॅडम लोकांनी केली आणि त्यांची नोंद कुठल्याच आकड्यात नाही. त्या काळातली लॅब ज्यांनी पाहिली त्यांना आठवेल: चपला बाहेर, आत एसी, मॉनिटरवर रेक्झिनचं कव्हर, निळ्या स्क्रीनवर प्रोग्राम लिहायचं टर्बो सी, आणि एका पीसीमागे तीन-तीन जण. मॅडम एकीकडे जर्नलवर सह्या करतायत, दुसरीकडे पॉइंटर समजावतायत, मधेच लाइट गेली की यूपीएस ओरडायला लागतो आणि सगळ्यांनी प्रोग्राम सेव्ह केला का म्हणून त्या ओरडतायत. ज्या विषयात आपण कंपनीत एक दिवस काम केलं नाही तो विषय त्यांनी पुस्तकावरून स्वतः शिकून बॅचमागून बॅच शिकवला, आणि त्या बॅचेस पुण्याला गेल्या.

यात सगळं छान होतं असं नाही. काही विनाअनुदानित कॉलेजांत वेतन आयोग कागदावर आणि हातात वेगळंच, वर्षानुवर्षं ॲड-हॉक, नाहीतर तासिका तत्त्वावर, पगार महिनोन्महिने थकलेला. २०१० मध्ये एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, असिस्टंट प्रोफेसरसाठी एमई-एमटेक सक्तीचं केल्यावर कित्येकींनी दोन लहान मुलं, सासूसासरे आणि फुल वर्कलोड सांभाळून एमटेक केलं. नंतर इंजिनिअरिंगच्या जागा रिकाम्या राहायला लागल्या तेव्हा सगळ्यात आधी कामावरून कमी केल्या गेल्या त्याही याच मॅडम. पुरुष सहकारी तोवर कंपनीत नाहीतर क्लासेसच्या धंद्यात गेले होते.

याच्या खालच्या पायरीवर एमएससीआयटी, म्हणजे कॉम्प्युटरची तोंडओळख करून देणारा राज्याचा कोर्स. तो चालवणारं एमकेसीएल २००१ मध्ये निघालं आणि पुढे सरकारी नोकरीला एमएससीआयटीचं सर्टिफिकेट लागायला लागल्यावर नंदनवन, मानेवाडा, सक्करदऱ्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत गल्लोगल्ली सेंटरं झाली. त्यातल्या किती सेंटरांवर शिकवायला बाईच असायची हे आठवून बघा. बीसीए, एमसीएम झालेली, लग्न होऊन आलेली, घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. आयटीतलं करिअर म्हटलं की आपल्याला कोडिंग दिसतं, पण पन्नाशीच्या क्लार्कला माउस कसा धरायचा ते शिकवणं हेही त्याच इंडस्ट्रीचं काम होतं.

दोन हजारनंतर कॅम्पस प्लेसमेंट जोरात सुरू झालं आणि मग मात्र पोरी पुण्याला गेल्याच, कारण ऑफर लेटर हातात असलं की वडिलांना नाही म्हणणं अवघड जातं. नागपुरातही थोडं काम यायला लागलं, परसोडीच्या आयटी पार्कात पर्सिस्टंट या सॉफ्टवेअर कंपनीची इमारत आहे तिचं नाव गार्गी-मैत्रेयी, इंजिनिअरिंगच्या मुली त्या नावाकडे बघत इंटरव्ह्यूला जायच्या. पण जागा कमी, पोरी जास्त. मग २००७ मध्ये पुण्यात बीपीओत काम करणाऱ्या मुलीवर आणि २००९ मध्ये एका सॉफ्टवेअर इंजिनिअर मुलीवर, दोन्ही वेळा कॅबमध्येच, अत्याचार आणि खून झाला. त्या बातम्या नागपुरात ज्या भीतीने वाचल्या गेल्या ती शब्दात सांगणं कठीण. कॅबमध्ये गार्ड, मुलीला शेवटी सोडायचं नाही, या गोष्टी अशा घटनांनंतरच कडक झाल्या. इकडे घरांमध्ये त्याचा अर्थ एवढाच लावला गेला की आता लवकर लग्न करून द्या, नवरा पुण्याचा बघा. बायोडेटावर "पुण्यात सेटल" ही ओळ पगाराइतकीच महत्त्वाची झाली. कितीतरी नागपूरकर मुलींचं पुण्यातलं करिअर ऑफर लेटरने नाही, लग्नपत्रिकेने सुरू झालं.

मिहानचं स्वप्न तेव्हाचंच, त्यासाठी एमएडीसी ही सरकारी कंपनी २००२ मध्येच स्थापन झाली होती, पण टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल प्रत्यक्ष येऊन कामाला लागेपर्यंत एक अख्खी पिढी पुण्यात ईएमआय भरायला लागली होती. मधल्या काळात २०१० मध्ये हिंगण्याला खास मुलींचं कमिन्स इंजिनिअरिंग कॉलेजही आलं, पुण्याच्या १९९१ च्या कॉलेजची धाकटी बहीण.

कायद्याच्या बाजूने २०१७ हे वर्ष मोठं. प्रसूती रजा १२ वरून २६ आठवडे झाली, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झालं. त्याच वर्षी महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा नवा आला, त्यात रात्री साडेनऊनंतर बाईला काम करायचं असेल तर तिची संमती हवी आणि सुरक्षा, घरी सोडायची गाडी वगैरे व्यवस्था मालकाने करायची. आयटीत बायकांच्या रात्रपाळीला राज्याच्या धोरणातून याआधीही सवलत होती, पण आता ती कायद्यातच आली. फक्त एक मेख आहे, त्या २६ आठवड्यांचा पगार बहुतेक वेळा कंपनीच्याच खिशातून जातो, त्यामुळे छोट्या कंपन्यांच्या इंटरव्ह्यूत "लग्नाचा काय प्लॅन?" हा प्रश्न गेला नाही, फक्त जरा गोड आवाजात विचारला जातो.

२०१९ मध्ये मेट्रो खापरीपर्यंत धावली, २०२० च्या जानेवारीत लोकमान्य नगरची लाइन सुरू झाली. हिंगण्याच्या कॉलेजला जाणाऱ्या पोरींना आणि मिहानवाल्यांना दोघांनाही बरं झालं, जरी खापरीच्या पुढे कंपनीच्या गेटपर्यंतचं शेवटचं अंतर अजून कॅबवर नाहीतर दादाच्या बाइकवरच. आणि लगेच कोरोना. पुण्याहून, बंगळुरूहून पोरी लॅपटॉप घेऊन परत आल्या आणि पहिल्यांदाच असं झालं की पगार पुण्याचा आणि जेवण आईच्या हातचं. लग्न झालेल्यांसाठी प्रकरण वेगळं होतं, कॉल म्यूट करून कुकर बंद करायचा, परत अनम्यूट. तरी नोकरी सोडलेल्या काहीजणी याच काळात परत कामाला लागल्या, आणि २०२३ पासून ऑफिसला बोलावणं सुरू झाल्यावर पहिला धक्का त्यांनाच बसला.

आता २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) घरातल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची पूर्ण ट्यूशन फी राज्य सरकार भरतंय, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडून येणाऱ्या मुलींची पुढची लाट नागपुरात येणार हे दिसतंच आहे. त्यांना मिहानमध्ये पहिली नोकरी मिळेल, अडचण तिसऱ्या-चौथ्या नोकरीची आहे. इथल्या ऑफिसांत सपोर्ट आणि टेस्टिंगचं काम भरपूर, पण प्रोजेक्टचा निर्णय घेणारी खुर्ची बरेचदा पुण्याला नाहीतर हैदराबादला, आणि प्रमोशन हवं असेल तर तिकडे जा असं सांगितलं जातं, नेमकं त्या वयात जेव्हा घरी मूल लहान असतं.