सहा टिंबांतलं बेळगाव

बेळगाव हे नाव ब्रेलमध्ये, म्हणजे अंध माणसं बोटांनी वाचतात त्या उठवलेल्या टिंबांच्या लिपीत, लिहायला सहा घरं लागतात (एका घरात सहा टिंबांची जागा): ब, ए, ळ, ग, आ, व. ब्रेलमध्ये मात्रा डोक्यावर चढत नाही की काना शेजारी उभा राहत नाही. जसा उच्चार, तसा एकामागून एक घरात येतो. हेच नाव कन्नडमध्ये लिहिलं की सात घरं होतात, कारण शेवटी इ येते. दोन्ही एकाखाली एक टोचून बघा. पहिलं घर सारखं, तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतची चारही सारखी. दुसरं तेवढं वेगळं, कारण कन्नडमध्ये ए ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन आहेत आणि तिथे ऱ्हस्व लागतो. आपल्या एकुलत्या एक ए ची टिंबं कन्नडच्या दीर्घ ए ची.

हे मला शिकवलं खानापूरकडच्या एका विद्यार्थिनीनं. ती अंध आहे; तिच्या दोन परीक्षांना मी रायटर होतो, म्हणजे ती सांगेल ते उत्तर मी लिहायचो. 2014 साली शहराचं सरकारी नाव बदलून बेळगावी झालं, त्यावर आमच्याकडे किती शाई आणि किती घसे खर्च झाले ते सांगायला नको. तिच्या बोटाखाली तो फरक दोन घरांचा.

लुई ब्रेल या फ्रेंच मुलानं 1824 च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी, ही पद्धत बसवली. डावीकडे तीन टिंबं, उजवीकडे तीन. त्यांतली कुठली उठवायची आणि कुठली नाही, याच्या 63 आकृत्या होतात. भारतात पूर्वी वेगवेगळ्या भाषांसाठी वेगवेगळे ब्रेल चालत. 1951 मध्ये भारती ब्रेल ठरलं आणि त्यात एक फार शहाणपणाचा निर्णय झाला: टिंबं अक्षराच्या आकाराला द्यायची नाहीत, उच्चाराला द्यायची. म्हणून मराठी क, कन्नड क, बंगाली क, सगळे पहिलं आणि तिसरं टिंब (डावीकडचं वरचं आणि खालचं). ळ म्हणजे उजव्या रांगेतली तिन्ही टिंबं, निपाणीतही आणि धारवाडातही. डोळस माणसाला कन्नड शिकायचं तर आधी नवी अक्षरं गिरवावी लागतात. ब्रेल वाचणाऱ्या मराठी मुलीला ती बहुतेक आधीच येत असतात. भाषा तेवढी शिकायची राहते. (आमच्या घरात कन्नडची बाराखडी आणून तीन वर्षं झाली. ती कोरी आहे.)

गंमत म्हणजे संगणकाच्या पोटातही असंच आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. मराठी क चा 2325, कन्नड क चा 3221; फरक 896. मराठी ळ 2355, कन्नड ळ 3251. फरक पुन्हा 896. 1980 च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाची संकेतावली बनली, तिनं सगळ्या भावंडांना एकाच क्रमानं बसवलं होतं. युनिकोडनं तोच क्रम उचलला.

हे क्रमांकच अंध विद्यार्थ्याचे डोळे. स्क्रीन रीडर पडद्याकडे बघत नाही. तो फाइलमधले क्रमांक वाचतो आणि त्यांचा आवाज करतो. एनव्हीडीए हा असा मोफत स्क्रीन रीडर 2006 मध्ये मायकेल करन या ऑस्ट्रेलियन तरुणानं लिहायला घेतला. तो स्वतः अंध. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक हा स्क्रीन रीडर असतोच. मराठी बोलणारा आवाज फुकट, कन्नड बोलणाराही फुकट. मग अडतं कुठे?

अडतं शिक्क्यात. कुठल्याही कॉलेजचं परिपत्रक आधी संगणकावर टाइप होतं. तिथे ते अगदी वाचण्याजोगं असतं. मग त्याची प्रिंट निघते, सही होते, गोल शिक्का बसतो, कागद स्कॅन होतो आणि त्याची पीडीएफ ग्रुपवर येते. आता त्यात एकही अक्षर उरलेलं नाही. आहे तो कागदाचा फोटो. त्या विद्यार्थिनीचा फोन म्हणतो, ‘रिकामं पान.’ चित्रातून अक्षरं ओळखणारी प्रणाली वापरता येते, पण फिकट झेरॉक्स आणि अक्षरावरच उमटलेला शिक्का असला की ती अडखळते. नेमकी फी भरायची तारीख शिक्क्याखाली असते.

दुसरं दुखणं डीटीपीच्या जुन्या फॉन्टांचं. त्यांत दिसतं देवनागरी, पण आत क्रमांक असतात इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे. नोट्सची फाइल डोळ्यांना सुबक मराठी. स्क्रीन रीडर मात्र डी, स्वल्पविराम, कंस असं काहीतरी बरळत सुटतो. तिनं मला एकदा इतिहासाचं अख्खं प्रकरण असं ऐकवलं. दोन मिनिटांत माझं डोकं उठलं.

आणि आवाज नीट असला तरी भाषा कळायला हवी. मराठीत ‘राम’ म्हणताना शेवटचा अ आपण गिळतो, कन्नडमध्ये तो गिळत नाहीत. ‘चोर’ आणि ‘चंद्र’ यांतले दोन च लिहिताना एक, बोलताना दोन. यंत्राला हे सगळं शब्दागणिक शिकवावं लागतं. कन्नड लिपी वेगळी, म्हणून तिथे आवाज आपोआप बदलता येतो. मराठी आणि हिंदीची लिपी एकच, त्यामुळे फाइलमध्ये भाषेची खूण नसेल तर आमच्या मराठी नोट्स कधीकधी हिंदी आवाजात ऐकाव्या लागतात.

परीक्षेचे नियम त्या मानानं बरे आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मोजलेत आणि सरकारी व अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव आहेत. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी तासाला किमान 20 मिनिटं जादा दिली, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. भाषेच्या पेपरांना वेगळा रायटर घेता येतो, हेही त्यातच होतं. आमच्या भागात ही ओळ सोन्याची, कारण माझ्यासारखा कन्नड न लिहिता येणारा रायटर कन्नडच्या पेपरला काय कामाचा? फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असंही सांगितलं की लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नसलं तरी रायटर नाकारता येणार नाही. फाइल बोटांनी वाचता यावी म्हणून ब्रेल टिंबं वरखाली करणारी यंत्रंही आहेत. वीज दिली की किंचित वाकणाऱ्या सिरॅमिकच्या पट्ट्या प्रत्येक टिंब उचलतात. सुंदर वस्तू, पण एकेका टिंबाला एक पट्टी, त्यामुळे किंमत विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर.

यंत्राची वाट न बघता माझी विद्यार्थिनी सरळ कॉलेजच्या ऑफिसात गेली. सोबत मी. म्हणाली, ‘‘सर, शिक्क्याची पीडीएफ सगळ्यांना पाठवा, पण टाइप केलेली मूळ फाइलपण त्याच्यासोबत टाका.’’

‘‘सही नसलेलं कसं पाठवायचं, बाळ?’’

‘‘सहीवाली आहेच की. मला सही वाचायची नाही, तारीख वाचायची आहे.’’

त्यांनी थोडं पुटपुटत फाइल पाठवली. तिनं तिथेच फोन कानाजवळ धरला. सरावलेले लोक स्क्रीन रीडर आपल्या बोलण्याच्या दुप्पट-तिप्पट वेगानं ऐकतात. आपल्याला ती नुसती चकलीच्या सोऱ्यातून पडल्यासारखी एकसलग कुरकुर वाटते. सर टेबलावरून पुढे झुकले.

‘‘हे काय, मराठी आहे की कन्नड?’’

‘‘कन्नड. तुम्हीच टाइप केलंय की, सर.’’