स्वस्त डॅक मॉड करताय? आधी पॉवर सप्लाय बघा

स्वस्तातला डॅक (डिजिटल गाण्याच्या आकड्यांचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारी डबी) घेतला की मॉड, म्हणजे आत फेरफार करायला हौशी लोक आधी ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी छोटी चिप) बदलतात, कारण बऱ्याचदा तो सॉकेटवर असतो, जुना उपटला नवा बसवला की काम झालं. पण तिथे फरक पडायला फारसा वावच नसतो. ५५३२ सारखा जुना ऑप-अँप कितीतरी स्टुडिओ मिक्सरमध्ये वर्षानुवर्षं चाललाय. उलट महागडा फास्ट ऑप-अँप बसवला आणि त्याच्या सप्लाय पिनला लागून ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर नसेल तर तो मेगाहर्ट्झमध्ये ऑसिलेट व्हायला, म्हणजे आपोआप हेलकावे खायला लागतो, कानाला काहीच कळत नाही, बोट लावलं की मात्र चटका!

खरी गंमत पॉवर सप्लायमध्ये आहे. डॅक चिप ढोबळमानाने काय करते, तर आलेल्या आकड्याला रेफरन्स व्होल्टेजने (माप म्हणून धरलेल्या ठरावीक व्होल्टेजने) गुणते. म्हणजे ते व्होल्टेज थरथरलं की गाणं पण थरथरणार. आता हिशोब बघा, २ व्होल्ट आरएमएसच्या आउटपुटमध्ये (म्हणजे टोकापासून टोकापर्यंत साधारण ५.६६ व्होल्ट) १६ बिटच्या ६५,५३६ पायऱ्या बसवल्या तर एक पायरी साधारण ८६ मायक्रोव्होल्टची, आणि साध्या अडॅप्टरची रिपल (व्होल्टेजमधला बारीक चढउतार) सहज काही मिलिव्होल्ट असते. मधला रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) ती बरीच गाळतो पण फ्रिक्वेन्सी वाढली की त्याची ताकद कमी होते, आणि स्विचिंग अडॅप्टरचा कचरा नेमका वरच्याच फ्रिक्वेन्सीला असतो. म्हणून चिपच्या अगदी जवळ लो-नॉइज रेग्युलेटर आणि जुन्या, सुकलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या जागी नवे लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेले) कपॅसिटर, माझ्या मते पैसे घालायचे तर इथे. (डबीच्या आत थेट मेन्स (भिंतीतल्या सॉकेटची वीज) येत असेल तर प्लग काढल्यावर पण मोठे कपॅसिटर चार्ज असतात, हात जपून.)

स्पीकरमधून घूंऽऽ येत असेल तर तो बहुतेक ग्राउंड लूप, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या ग्राउंडमधून फिरणारा नको असलेला करंट. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, आवाज गेला तर चोर सापडला, मग यूएसबीऐवजी ऑप्टिकल केबल लावा, त्यातून फक्त प्रकाश जातो त्यामुळे लूप तिथेच तुटतो.

आणि मॉडनंतर "वा, काय खुललाय आवाज" म्हणायच्या आधी मॉड केलेला आणि तसाच न बदललेला अशा दोन्ही डॅकवर १०० हर्ट्झचा टोन लावून स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्टेज मोजा आणि फरक एक टक्क्याच्या आत आणा, कारण जरासा मोठा आवाज कानाला हमखास चांगलाच वाटतो. मग स्विच दुसऱ्या कुणालातरी करायला लावा आणि कुठला चालू आहे ते त्याने सांगायचं नाही.