जपानची कायबोकान जहाजं: मालवाहू जहाजांची राखण सुरू झाली ती उशिरा

१९१७ साली भूमध्य समुद्रात पाणबुड्यांनी मित्रराष्ट्रांची कोंडी केली, तेव्हा जपानने आपल्या विनाशिका थेट माल्टाला धाडल्या. दुसऱ्यांच्या जहाजांना सोबत करता करता 'साकाकी' या विनाशिकेला टॉर्पेडो लागला आणि ५९ जण गेले. पाणबुडीपासून मालवाहू जहाज कसं राखायचं, हे जपानी नौदल असं जीव देऊन शिकलं होतं.

तरीही पुढे हा धडा मागे पडला. १९०५ च्या त्सुशिमाच्या सागरी लढाईत रशियावर मिळवलेल्या विजयाने नौदलाला एकच ध्यास लावला होता, मोठ्या युद्धनौकांच्या निर्णायक लढाईचा. त्यापुढे राखणीचं काम दुय्यम ठरलं. तेल आणि बॉक्साइट (अॅल्युमिनियमचं खनिज) समुद्रापलीकडून आणणाऱ्या देशाची ही चूक अक्षम्यच म्हणायला हवी.

'शिमुशू' वर्गाची पहिली चार कायबोकान, म्हणजे किनारा-संरक्षण जहाजं, मुळात कुरिल बेटांकडच्या मासेमारीच्या राखणीसाठी बांधली होती. ८६० टन वजन आणि १२० मिलिमीटरच्या तीन तोफा होत्या, पण पाणबुडीवर टाकायचे डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, मोजकेच. मालवाहू जहाजांच्या राखणीसाठी स्वतंत्र मुख्यालय उभं राहिलं ते दुसऱ्या महायुद्धात, थेट नोव्हेंबर १९४३ मध्ये. नेमके तेव्हाच अमेरिकी पाणबुड्यांचे सदोष टॉर्पेडो दुरुस्त झाले होते.

मग घाई सुरू झाली. 'क' आणि 'ड' प्रकारच्या जहाजांना नावंही नव्हती, नुसते क्रमांक. गोलाईदार पत्रे टाळून सरळ रेषांचा सांगाडा केला. डिझेल इंजिनं पुरेनात, म्हणून 'ड' प्रकारात मालवाहू जहाजांची टर्बाइन बसवली. डेप्थ चार्ज आता १२० होते, पण 'क' प्रकाराचा वेग साडेसोळा नॉट. अमेरिकी पाणबुडी पाण्यावर आली की वीस नॉटने निघून जाई. खलाशांनी कितीही जिवाचं रान केलं, तरी ही तफावत भरून निघणारी नव्हती.

२२ ऑगस्ट १९४४ रोजी 'ही-७१' ताफ्याच्या सोबतीची 'मात्सुवा', 'सादो' आणि 'हिबुरी' ही तिन्ही कायबोकान मनिलाजवळ 'हार्डर' आणि 'हॅडो' या पाणबुड्यांनी बुडवली. दोनच दिवसांनी २२ क्रमांकाच्या कायबोकानने फिलिपिन्सच्या लुझोन बेटाजवळ 'हार्डर'ला गाठून बुडवलं. 'हार्डर'वरच्या ७९ पैकी कुणीही वाचलं नाही. तिचे अवशेष सापडल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं.

एकूण १७० च्या आसपास कायबोकान बांधली गेली आणि त्यांतली सत्तरएक बुडाली. वाचलेल्यांपैकी अनेकांनी युद्धानंतर परदेशात अडकलेल्या जपानी लोकांना मायदेशी आणलं. काही जहाजं विजेत्या राष्ट्रांनी वाटून घेतली, त्यात खुद्द 'शिमुशू' सोव्हिएत संघाकडे गेलं.