दान केलं म्हणून पैसा शुद्ध होत नाही

"नाला नदीला मिळाला की नदीच होतो, तसा कुणाचाही पैसा दानात पडला की शुद्ध होतो, घेणाऱ्याने चौकशी करू नये." वर्गणीचे दिवस आले की हा मेसेज नागपुरात फिरतोच. त्यामागची भावना चांगली असते: पैसा शाळेला, दवाखान्याला लागला तर बिघडलं काय?

पण उपमाच तपासून पाहा. आपल्या नाग नदीला शहरातले नाले मिळतात. नाले नदी झाले नाहीत, नदीच काळी झाली. तीच घाण कन्हानमार्गे वैनगंगेपर्यंत जाते.

कायदाही तेच सांगतो. पैसा गुन्ह्यातला आहे हे ठाऊक असताना तो घेणं, बाळगणं, वापरणं हा २००२ च्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. दान दिलेला असला तरी तो जप्त होऊ शकतो.

आणि मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. लुबाडलेला पैसा कुणाचा तरी असतो. पासबुकाची घडी उलगडून दाखवणारा म्हातारा ठेवीदार एकीकडे, त्याच्याच पैशातून बसवलेल्या संगमरवरी पाटीवर दुसऱ्याचं नाव एकीकडे. ती रक्कम आधी त्याला परत जायला हवी.

पडताळणी अवघड नाही. मोठी देणगी चेकनेच मागा, पावतीवर नाव आणि पॅन घ्या. २००० रुपयांवरच्या रोख देणगीला तशीही करसवलत मिळत नाही. नंतर एवढंच विचारा: "पाटी लावणार नाही, चालेल?"